शिक्रा अंगणात येतो, पण शिकार कधीच दिसत नाही. बसायचं कुठे आणि पाहायचं काय?

अंगणवाट

नमस्कार मंडळी. घरामागच्या मोकळ्या जागेत शिक्रा, म्हणजे तो लहान शिकारी पक्षी, शिकार करतोय असं वाटतंय. जागा साधारण ३० मीटर लांब आणि २० मीटर रुंद. एका टोकाला मोठं दाट झाड, मध्ये दगडी भिंत, भिंतीलगत झुडपं. खिडकीपासून ४ मीटरवर पाण्याची थाळी आणि दाण्याची ताटली ठेवलेली आहे. तिथे चिमण्या, बुलबुल, होले, साळुंक्या येतात, खारीही असतात. एकाएकी सगळे उडून जातात, आणि नंतर झाडाखाली पिसांचं कडं पडलेलं सापडतं. पक्षी एकदोनदा बसलेला दिसतो: पारव्याएवढा, वरून राखाडी, छातीवर तांबूस आडव्या रेघा. झडप मात्र दिसत नाही.

हा नक्की शिक्राच का? शिकार पाहायची तर कोणत्या वेळी, कुठे बसून, कशावर नजर ठेवायची? दुर्बीण कोणती बरी? आणि ताटलीमुळे आपणच त्याला आयतं भक्ष्य पुरवतोय का, हेही सांगा.

पानगळ

आधी ओळख पक्की करा, कारण कोकिळेच्या कुळातला पावशा दिसायला शिक्र्यासारखाच असतो. लहान पक्षीसुद्धा फसतात आणि पावशा आला तरी ओरडाआरडा करतात. फरक चोचीत आणि पायांत आहे. शिक्र्याची चोच आखूड, मुळापासूनच खाली वळलेली, टोकाला आकडा. पाय पिवळे, लांब, काळ्या नख्यांचे. पावशाची चोच सरळसर आणि बारीक, डोळ्याभोवती पिवळं कडं, आणि बोटं दोन पुढे दोन मागे. फांदीवर उतरल्यावर पावशा शेपटी डावीउजवीकडे हलवतो, तेही पाहून ठेवा. पिसांचं कडं पडतंय म्हणजे तिथे शिक्रा येत असावा, पण बसलेला दिसलेला पक्षी तोच आहे का, हे तपासायला हवं. शिक्र्याच्या नराचा डोळा लाल असतो. मादी नरापेक्षा मोठी, तिचा डोळा पिवळा ते नारिंगी. छातीवर आडव्या रेघांऐवजी तपकिरी उभे ठिपके असतील आणि गळ्यावर मधोमध ठसठशीत गडद रेघ असेल, तर ते यंदाचं पिल्लू.

पिसंही नीट बघा. शिक्रा पिसं चोचीने उपटतो, त्यामुळे दांडी मुळापर्यंत शाबूत राहते, कधी दांडीवर चोचीची खाच दिसते. मांजराने खाल्लं असेल तर दांड्या चावून तुटलेल्या असतात आणि पिसं लाळेने चिकटलेली असतात.

आता मुख्य मुद्दा. झडप दोनतीन सेकंदांत संपते. ती पाहायची तर तिच्या आधीची वीसपंचवीस मिनिटं पाहायला शिकावं लागतं, आणि त्यासाठी शिक्र्याचा अड्डा माहीत हवा. शिक्रा घारीसारखा आकाशातून शोध घेत नाही. पानांआड, खोडाला लागून, मध्यम उंचीच्या फांदीवर तो गुपचूप बसतो. तिथून निसटतो तो खाली, जमिनीलगत भिंतीच्या किंवा झुडपाच्या आडोशाने जातो आणि शेवटच्या क्षणी वर उसळतो. तुमची दगडी भिंत त्याच्या फार उपयोगाची आहे. भिंतीपलीकडून येऊन तो ताटलीवरच्या पक्ष्यांना शेवटच्या काही मीटरपर्यंत दिसतच नसणार.

अड्डा कसा ओळखायचा? झाडाखाली पांढरी शीट (विष्ठा) शोधा. शिक्रा आणि त्याच्या जातीचे बाज शीट जोरात मागे फेकतात, त्यामुळे ती फांदीपासून थोडी दूर, लांब पट्ट्यासारखी पडते. घुबड आणि ससाणा यांची सरळ खाली पडते आणि एकाच जागी साठते. पिसं उपटायची जागा बहुधा वेगळी असते: जाडसर, आडवी, फारशी उंच नसलेली फांदी. तुमचं पिसांचं कडं त्या फांदीच्या खाली आहे. शिकारीचा अड्डा तिथून दुसरीकडे असेल, जिथून ताटली किंवा भिंत स्वच्छ दिसते. ताटलीपाशी उकिडवे बसून झाडाकडे पाहा. जी फांदी तिथून अर्धवट दिसते आणि जिच्या पुढ्यात उडायला मोकळी वाट आहे, ती संशयित.

तारेवरचा कोतवाल

पानगळ यांनी सगळं छान सांगितलंय, पण अड्डा सापडेपर्यंत कान वापरा. लहान पक्ष्यांचे धोक्याचे आवाज दोन प्रकारचे असतात. शिकारी पक्षी हवेत असेल तर बारीक, उंच पट्टीतला, लांबट ‘सीऽऽ’. तो कुठून येतोय हे कळत नाही, आणि ओरडणाऱ्याच्या जिवासाठी ते बरंच असतं. तो ऐकला की बाकीचे झुडपात घुसतात किंवा आहेत तिथे थिजतात. शिकारी बसलेला असेल तर आवाज उलट: कर्कश, तुटक, पुन्हा पुन्हा ‘चक-चक-चक’. त्यावरून दिशा सहज कळते, कारण इतरांना बोलावून त्याला हुसकावणं हाच त्यामागचा हेतू असतो. बुलबुल, सातभाई, कोतवाल, साळुंकी यांचा असा कल्ला एकाच फांदीभोवती चालला असेल तर दुर्बीण तिथे लावा.

खारीचं ‘चिप-चिप’ एकसुरी असतं आणि बराच वेळ चालतं, प्रत्येक चिपबरोबर शेपटीला झटका. ती खोडाच्या कोणत्या बाजूला चिकटलीय ते बघा. धोका बहुतेक वेळा खोडाच्या दुसऱ्या बाजूला असतो.

कोतवालाबद्दल सावधान. तो शिक्र्याची हुबेहूब नक्कल करतो. नुसत्या आवाजावर नोंद करू नका.

पानगळ

कानाचं महत्त्व मान्य, पण एक दुरुस्ती सुचवतो. ‘सीऽऽ’ ऐकून मान वळवाल तोवर झडप होऊन गेलेली असते. आणि कल्ल्याने उघडा पडलेला शिक्रा त्या जागेवरून सहसा शिकार करत नाही. अचानकपणा हेच त्याचं सगळं भांडवल, ते गेलं की तो जागा बदलतो. म्हणून कल्ला ऐकून त्या फांदीवर नजर ठेवून बसू नका. तो उठून कुठे जाऊन बसतो ते पाहा. पुढचा प्रयत्न तिथून.

वेळेचं म्हणाल तर सूर्योदयानंतरचे दोनतीन तास आणि संध्याकाळचा उतार. भर उन्हात तो सावलीत बसून राहतो. आणखी एक गोष्ट, जी बरेच जण विसरतात: शिक्रा फक्त पक्ष्यांवर जगत नाही. सरडे, पाली, उंदीर, नाकतोडे, चतुर हे त्याचं रोजचं खाणं आहे. सरड्यांची शिकार पक्ष्यांच्या शिकारीपेक्षा पाहायला सोपी, कारण सरडा कुठे येणार हे आधी कळतं. सकाळचं ऊन ज्या भिंतीवर किंवा खोडावर पहिल्यांदा पडतं तिथे सरडे अंग शेकायला येतात. त्या जागेच्या समोर, सावलीतल्या फांदीवर शिक्रा शोधा.

बसलेला पक्षी सापडला की त्याच्या अंगाकडे बघा. एक पाय पोटात घेतलेला, पिसं फुगलेली, म्हणजे विश्रांती. गळ्याखाली, छातीच्या वरच्या भागात फुगवटा दिसला तर अन्नपिशवी भरलेली आहे. काही तास काहीही होणार नाही, उठून आपापली कामं करा. पिसं अंगाला चापून बसवलेली, दोन्ही पाय खाली, मान लांब, आणि डोकं वरखाली किंवा डावीउजवीकडे झुलवतोय, तर तो अंतर मोजतोय. डोकं हलवल्यावर जवळची वस्तू जास्त सरकते, लांबची कमी, त्यावरून त्याला अंदाज येतो. यानंतर तो पुढे कलतो, पाठ जमिनीला जवळपास समांतर होते, बरेचदा शीट टाकतो. ही अवस्था दिसली की डोळे मिटायचे नाहीत. पुढच्या काही सेकंदांत तो सुटतो, किंवा लक्ष्य हललं तर पुन्हा सरळ बसतो.

बहुतेक झेपा वाया जातात हेही आधीच धरून चाला. चुकला तर तो लांबवर पाठलाग करत नाही, सरळ दुसऱ्या फांदीवर जाऊन बसतो. चुकलेली झेपसुद्धा पूर्ण नोंदवा.

भिंग

दुर्बिणीबद्दल. अंगणासाठी ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं) किंवा हलकी हवी तर ८×३२. १०× नको. कारण हिशेबात आहे: चांगल्या ८× दुर्बिणीतून १००० मीटरवर सुमारे १३० मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, म्हणजे २० मीटरवर जेमतेम २.६ मीटर. १०× मध्ये तो आणखी अरुंद. शिक्रा एवढं अंतर डोळ्याचं पातं लवेपर्यंत पार करतो. म्हणून दुर्बीण बसलेल्या पक्ष्यासाठी, झडपेसाठी उघडे डोळे. तो पुढे कलला की दुर्बीण खाली घ्यायची आणि फांदीपासून लक्ष्यापर्यंतची सगळी वाट एका नजरेत धरायची. दुर्बिणीला डोळे चिकटवून बसणारे सुटलेला पक्षी हमखास हरवतात.

विकत घेताना जवळात जवळ किती अंतरावर फोकस होतं ते बघा. २ ते ३ मीटर हवं.

खिडकीतून पाहत असाल तर तावदान उघडा. ते शक्य नसेल तर दुर्बीण काचेला काटकोनात धरा. तिरप्या काचेतून, त्यातही दुहेरी काचेतून, प्रतिमा फुटते आणि माणूस दुर्बिणीला दोष देतो. खोलीतला दिवा बंद, स्वतः काचेपासून एकदीड मीटर आत, पाठीमागे उजेडाची दुसरी खिडकी नको. मागून उजेड असला की तुमची आकृती बाहेरून स्पष्ट दिसते, आणि हात वर गेला की शिक्रा गेला.

फोटोसाठी शटर १/२००० सेकंद किंवा त्याहून जलद. ताशी ४३ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला १२ मीटर वेगाने जाणारा पक्षी १/२००० सेकंदात ६ मिलिमीटर सरकतो. १/५०० ठेवलं तर २४ मिलिमीटर, म्हणजे डोळा-चोच सगळं पुसलं जातं. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) ऑटोवर सोडा. उडताना फोकस पकडण्याच्या भरीला पडू नका, ताटलीच्या किंवा भिंतीच्या अंतरावर आधीच फोकस लावून ठेवा. बटण पूर्ण दाबण्याआधीच्या फ्रेम साठवणारी सोय कॅमेऱ्यात असेल तर ती चालू ठेवा. या कामाला ती इतकी उपयोगी की दुसरं काही नसलं तरी चालेल. नुसता फोन असेल तर स्टँडवर लावून सेकंदाला ६० फ्रेमनी सलग चित्रण करा आणि घडल्यानंतर मागे जाऊन बघा. २४० फ्रेमचं संथ चित्रण नेहमीच्या ३० फ्रेमच्या वेगाने पाहिलं तर एक सेकंद आठ सेकंदांचा होतो. त्यात पाय पुढे कधी आले आणि शेपटी कधी पसरली हे वेगळं दिसतं.

पक्ष्याचं रेकॉर्ड केलेलं ओरडणं वाजवून त्याला बोलावू नका. विणीच्या काळात तर अजिबातच नाही.

झुडूपवाटा

ताटलीबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून लिहितोय. ताटलीमुळे शिक्रा अंगणात जास्त येतो, हे खरं. त्यात गैर काही नाही, पण ताटलीची जागा गैर आहे. खिडकीपासून ४ मीटर हे अंतर सर्वांत वाईट. घाबरलेले पक्षी तेवढ्या अंतरात पूर्ण वेग घेतात आणि काचेत दिसणाऱ्या झाडाच्या प्रतिबिंबावर आदळतात. पाठोपाठ शिक्राही आदळतो. ताटली काचेपासून १ मीटरच्या आत आणा, म्हणजे वेगच येत नाही, किंवा १० मीटरच्या पलीकडे न्या. काचेवर खुणा लावायच्या तर बाहेरच्या बाजूने, आणि दोन खुणांमध्ये ५ सेंटिमीटरहून जास्त मोकळी जागा नको. मधोमध चिकटवलेलं एकच घारीचं चित्र काही थांबवत नाही, पक्षी त्याच्या बाजूने घुसतात.

दाट, शक्यतो काटेरी झुडूप ताटलीपासून सुमारे ३ मीटरवर असावं. अगदी चिकटून असेल तर मांजर दबा धरतं, फार लांब असेल तर पक्ष्यांना आसरा गाठता येत नाही. शिक्रा रोज ठरल्या वेळी ताटलीवरच येऊ लागला, तर एकदोन आठवडे दाणे बंद ठेवा. पाणी चालू ठेवा. पक्षी पांगतात आणि तोही आपला फेरा बदलतो. मांसाचे तुकडे टाकून किंवा जिवंत प्राणी बांधून शिकार घडवून आणू नका. ते निरीक्षण नव्हे, आणि पक्षी माणसाजवळ येण्याला सोकावतो.

उंदरांचं विष हा सर्वांत मोठा धोका. ब्रोडिफॅकम, ब्रोमॅडिओलोन यांसारख्या विषांनी उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस तो सुस्त होऊन उघड्यावर फिरतो, आणि असा उंदीर शिक्रा, कापशी (लहान पांढुरकी घार), गव्हाणी घुबड यांना सगळ्यात आधी सापडतो. विष त्यांच्या पोटात जातं आणि आतल्या आत रक्तस्राव होतो. चिकटपट्टीचे सापळेही उघड्यावर नकोत. शिकारी पक्षी पाहायचे असतील तर आसपासच्यांशी या विषयावर बोलणं दुर्बीण घेण्यापेक्षा निकडीचं आहे.

काचेवर आदळून शिक्रा खाली पडला तर वरून टॉवेल टाका, डोकं झाकलं की तो शांत होतो. चोचीला भिऊ नका, नख्यांना जपा: दोन्ही पाय टॉवेलमधूनच एकत्र धरा. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, एकदोन तास ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. तारेच्या पिंजऱ्यात ठेवलं तर पिसं मोडतात. दोन तासांनी नीट उभा राहत नसेल किंवा एक पंख लोंबत असेल, तर पक्ष्यांवर उपचार करणाऱ्यांकडे न्यावं लागेल.

अंगणवाट

ताटली आजच हलवतो. झाडाच्या उजव्या बाजूच्या फांदीखाली पांढरे पट्टे आहेत, पिसं मात्र डावीकडे, म्हणजे पानगळ म्हणाले तसंच. दोन शंका उरल्या. पकडलेला पक्षी जिवंत असतानाच शिक्रा पिसं उपटू लागला तर हाकलावं का? आणि जवळच मोकळं गवताळ रान आहे, तिथे काय पाहता येईल?

पानगळ

हाकलू नका. ससाण्याच्या वरच्या चोचीला दातासारखा कोच असतो, त्याने तो मानेचा मणका तोडतो आणि भक्ष्य लगेच मरतं. शिक्र्याकडे तो कोच नाही, तो नख्या रुतवून आवळून मारतो. त्याला वेळ लागतो, आणि पाहणाऱ्याला ते जड जातं. पण नख्या आत गेलेला पक्षी सोडवला तरी तो वाचत नाही, आणि शिक्र्याला पोटासाठी दुसरा पक्षी मारावा लागतो. पंख पसरून, शेपटी टेकवून तो भक्ष्य झाकून बसला असेल तर कोणी हिसकावेल या भीतीत आहे, बहुधा कावळे जवळ आहेत. तुम्ही हलू नका.

तारेवरचा कोतवाल

गवताळ रानात कापशी आणि हिवाळ्यात खरूची, म्हणजे लहान ससाणा. तिथे शिकार निवांत पाहता येते, कारण दोघेही हवेत एका जागी पंख मारत थांबतात. खरूची वाऱ्याकडे तोंड करून थांबते. म्हणून वारा तुमच्या पाठीवर येईल असं बसा, म्हणजे तिचं तोंड तुमच्याकडे राहील. ऊनही पाठीवर आलं तर उत्तम. तिचं अंग वाऱ्याने डुलतं, पंख-शेपटी सारखी हलते, पण डोकं हवेत जागच्या जागी राहतं. दुर्बिणीत फक्त डोक्यावर लक्ष ठेवा. वारा पडला की ती तारेवर किंवा खांबावर बसून शिकार करते.

कापशी सकाळी लवकर आणि दिवस कलताना जास्त दिसते, मुख्य खाणं उंदीर. ती एकदम सूर मारत नाही, टप्प्याटप्प्याने उतरते: थोडं खाली, थांबते, पुन्हा खाली. पंख इंग्रजी ‘व्ही’सारखे वर धरलेले आणि पाय खाली सोडलेले दिसले की शेवटचा टप्पा. शेवटच्या टप्प्यावरून ती पुष्कळदा परत वर जाते, तेव्हा दुर्बीण लगेच खाली ठेवू नका.

झुडूपवाटा

शिक्र्याच्या विणीचा काळ साधारण मार्च ते जून. घरटं कावळ्यासारखंच काटक्यांचं. मादी अंड्यांवर असताना नर शिकार आणून देतो. घरटं सापडलं तर झाडाखाली घुटमळू नका. माणूस जिथे वर बघत उभा राहतो तिथे कावळ्यांचंही लक्ष जातं. मादी घरट्यात उठून उभी राहिली किंवा सारखी ओरडू लागली, तर तुम्ही फार जवळ आहात, मागे सरा. अंडी उबायला साधारण महिनाभर लागतो.

पिल्लं उडू लागली की काही आठवडे त्याच परिसरात असतात, आणि नवख्याने शिकार पाहायला हाच काळ सर्वांत चांगला. ती उघड्यावर बसतात, मोठमोठ्याने ओरडतात, नाकतोडे आणि चतुर यांच्यावर एकामागून एक झेपा घेतात आणि बहुतेक चुकतात. मोठ्यांसारखी लपत नाहीत. त्या आठवड्यांत ताटलीत दाणे टाकू नका, काचेवरच्या खुणा त्याआधी लावून झालेल्या असू द्या. वेग आवरायचं कसब यायच्या आधी काचेवर आदळणारी बहुतेक हीच असतात.